आकडा खरा, पण वाक्याचं काय?

प्रश्न : अर्थशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आहे. 'किमान वेतन आणि रोजगार' हा तिच्या प्रकल्पाचा विषय. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं, 'किमान वेतन वाढवलं की रोजगार घटतो, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे.' मार्गदर्शक सरांनी समासात एकच शब्द लिहून मसुदा परत दिला : 'कुठल्या?' शोधायला बसल्यावर तिला रोजगार घटतो म्हणणारा शोधनिबंध मिळाला आणि घटत नाही म्हणणाराही. दोन्ही नामांकित प्राध्यापकांचे. चॅटबॉटने पाच संदर्भ दिले, त्यातले दोन कुठेच सापडत नाहीत. सर म्हणतात, विश्वासार्ह स्रोतच वापर. पण सरकारं आकडे सजवतात, अभ्याससंस्थांमागे देणगीदार असतात, वर्तमानपत्रांची आपापली बाजू असते, असं तिला वाटतं. वर्गातल्या काहींनी चॅटबॉटचे संदर्भ न उघडता जोडले आणि त्यांना गुणही चांगले मिळाले. ती विचारते : विश्वास ठेवायचा कोणावर? सगळेच आपापला अजेंडा चालवत असतील, तर मोठ्या संस्थेचं नाव टाकून मोकळं का होऊ नये? आणि विद्यार्थ्याने नावाजलेल्या प्राध्यापकावर शंका घेणं हा आगाऊपणा नाही का? प्रकल्प द्यायला महिना उरला आहे.

उत्तर : सरांच्या त्या 'कुठल्या?'चा तुला राग आलेला दिसतो. येऊ दे. पण त्यांनी तुझा निष्कर्ष चुकीचा ठरवलेला नाही, हेही बघ. वेतन किती वाढवलं, कुठे, कधी, कोणाचा रोजगार मोजला आणि घटला म्हणजे नेमका किती घटला, यातलं काहीच तुझ्या वाक्यात नाही. असं वाक्य खोटं पाडता येत नाही आणि खरं करूनही दाखवता येत नाही. त्याच्या तळटिपेत जगातला सगळ्यात मोठा विद्वान आणून बसवलास तरी ते सुधारणार नाही.

विश्वास कोणावर ठेवायचा, असं तू विचारतेस. मला वाटतं, घोळ या प्रश्नातच आहे. चांगल्या संस्थांची एक यादी असते, ती हाती लागली की झालं, असं तू धरून चालली होतीस. तशी यादी सापडेना म्हटल्यावर थेट दुसऱ्या टोकाला गेलीस, की सगळेच सारखे. दोन्ही वेळा तुझी नजर संस्थेच्या नावावर आहे. बघायचा असतो तो एकेक दावा.

जागतिक बँकेचंच घे. कोणत्या देशात उद्योग करणं किती सोपं, याची क्रमवारी लावणारा 'डुइंग बिझनेस' हा तिचा अहवाल वर्षानुवर्षं मथळे मिळवत होता. २०१८ आणि २०२०च्या आवृत्त्यांमधल्या माहितीत गडबड झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०२१मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. म्हणून बँकेची सगळी माहिती टाकाऊ ठरते का? देशोदेशींच्या किमतींची तुलना करून क्रयशक्तीचे आकडे काढण्याचं जे काम तिच्याकडे आहे, त्याला तोडीस तोड दुसरं काही मला तरी दिसत नाही. आता उलट बाजूने बघ. वाहन उत्पादकांची संघटना 'गेल्या महिन्यात इतकी वाहनं विकली गेली' असं सांगते, तेव्हा तो आकडा बहुधा चोख असतो, कारण ती मोजदाद तिच्याच सभासदांकडे असते. 'कर वाढवला तर इतक्या नोकऱ्या जातील' हा त्याच संघटनेचा आकडा म्हणजे वकिली. संस्था एक, पत्रक एक, पण दोन वाक्यांची पत वेगळी.

अर्थकारणात धडधडीत खोटे आकडे तुला वाटतात तितके नसतात. बहुतेक वेळा आकडा खरा असतो आणि 'ध'चा 'मा' होतो तो त्याच्या भोवतीच्या वाक्यात. २०२०ची एप्रिल ते जून ही तिमाही आठव. अमेरिकेने जुलैअखेर जाहीर केलं की अर्थव्यवस्था ३२.९ टक्क्यांनी आकसली. भारताने ऑगस्टअखेर जाहीर केलं, घट २३.९ टक्के. लगेच दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडलेले तक्ते फिरू लागले, की बघा, अमेरिकेची अवस्था भारतापेक्षा वाईट. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही आपापल्या पद्धतीनुसार बरोबर. तक्ता मात्र साफ चुकीचा. अमेरिका तिमाहीतली घट वार्षिक दरात सांगते. म्हणजे आधीच्या तिमाहीच्या तुलनेत जेवढी घट झाली, तेवढीच ओळीने चार तिमाह्या होत राहिली तर वर्षभरात किती होईल, ते. भारताचा आकडा होता आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेल्या तुलनेचा. अमेरिकेची त्या तिमाहीतली प्रत्यक्ष घट, तेव्हाच्या पहिल्या अंदाजानुसार, सुमारे ९.५ टक्के होती. पडताळून बघ : ०.९०५चा चौथा घात काढ, ०.६७१ येईल, म्हणजे ३२.९ टक्क्यांची घट. आदल्या वर्षीच्या तिमाहीशी तुलना केली तरी अमेरिकेची घट साडेनऊच्या आसपासच येत होती. सारख्या मापाने मोजलं तर भारताची घट अमेरिकेच्या दुपटीहून जास्त होती आणि तक्ता नेमकं उलटं सांगत होता. हे पकडायला अर्थमितीची पदवी लागत नाही, मूळ प्रसिद्धिपत्रक उघडावं लागतं. 'वार्षिक दराने' हे शब्द अमेरिकेच्या पत्रकात पहिल्याच वाक्यात होते.

तेव्हा आकडा समोर आला की 'कोण म्हणतं' याच्याआधी 'काय मोजलंय' हे विचार. टक्के कशाचे, कशाच्या तुलनेत, किती काळातले? चालू किमतींनी, की महागाई वगळून स्थिर किमतींनी? एकूण की दरडोई? आणि मोजताना बाहेर कोणाला ठेवलं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. बेरोजगार म्हणजे ज्याला काम नाही तो, असं आपण समजतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत काम नसणं, ते शोधत असणं आणि मिळालं तर करायला मोकळं असणं, अशा तिन्ही गोष्टी लागतात. शोधून शोधून थकलेल्या माणसाने शोध सोडला की तो बेरोजगारांच्या मोजणीतून बाहेर पडतो. त्यामुळे एकालाही नोकरी न मिळता बेरोजगारीचा दर खाली येऊ शकतो. तुझ्या विषयात तर हे फारच जपायला हवं. 'रोजगार घटला' म्हणजे माणसं कमी झाली की कामाचे तास कमी झाले? एखाद्या अभ्यासात फक्त माणसं मोजली असतील, तर तासांबद्दल त्याच्या नावावर काही लिहिता येणार नाही.

नियम तंतोतंत पाळूनही आकडा चकवू शकतो. आयर्लंडचा जीडीपी २०१५मध्ये २६.३ टक्क्यांनी वाढला, असं जुलै २०१६मध्ये जाहीर झालं. देशात वर्षभरात पाव पटीने जास्त काही बनलं नव्हतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारख्या मालमत्ता आपल्या आयरिश उपकंपन्यांच्या नावावर आणल्या होत्या आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्यांचं उत्पन्न आयर्लंडच्या हिशेबात धरलं गेलं. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने हे लपवलं नाही. पुढे असे परिणाम वगळून काढलेलं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न ते वेगळं द्यायला लागलं. नायजेरियाने एप्रिल २०१४मध्ये पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची रचना धरून जीडीपी मोजतात ते, १९९०वरून २०१०वर आणलं आणि २०१३चा जीडीपी जुन्या हिशेबापेक्षा ८९ टक्क्यांनी मोठा निघाला. तो देश एका दिवसात आफ्रिकेतली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था ठरला. आदल्या दिवशी जो जितकं कमवत होता, तितकंच तो दुसऱ्या दिवशीही कमवत होता.

आता अजेंड्याकडे येऊ. तो सगळ्यांना असतो हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. मलाही आहे : तुम्ही मुलांनी आकड्यांवर हवं तितकं चिडावं, पण त्यांचा नाद सोडू नये. अजेंडा कळला की आधी कुठे खणायचं ते कळतं. तिथे काय निघेल, ते खणल्याशिवाय कळत नाही. अर्जेंटिनात २००७पासून सरकारने सांख्यिकी संस्थेत हस्तक्षेप केला आणि महागाईचा अधिकृत दर वर्षानुवर्षं खूप कमी दाखवला जात राहिला. म्हणजे तुझी शंका इथे रास्त ठरते. पण हे उघडकीला आलं कसं? काही प्रांतांची कार्यालयं आपल्या आपण किमती नोंदवत होती. संशोधक ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या किमती रोजच्या रोज गोळा करत होते. या सगळ्यांची महागाई अधिकृत दराच्या दुपटीहून जास्त निघत होती. अखेर फेब्रुवारी २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अर्जेंटिनावर औपचारिक ठपका ठेवला. किमती, पगार, विक्री, करवसुली हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की सगळीकडे एकदम मेळ बसेल असं खोटं लिहिणं फार अवघड जातं. तुला एखादा सरकारी आकडा खटकला, तर नुसता नाकारून थांबू नकोस. त्याच गोष्टीचं दुसऱ्या कोणी, दुसऱ्या पद्धतीने केलेलं माप शोध. आणि दोन मापं जुळली नाहीत म्हणून लगेच कोणी चोर ठरत नाही, हेही ध्यानात असू दे. एका देशाने नोंदवलेली निर्यात आणि समोरच्या देशाने नोंदवलेली तीच आयात क्वचितच जुळते, कारण आयातीच्या किमतीत सहसा वाहतूक आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या किमतीत नसतो.

मोठं नाव टाकून मोकळं होण्यात आणखी एक धोका आहे. ते नाव त्या आकड्याच्या मुळाशी असेलच असं नाही. 'जगातलं दोन तृतीयांश काम बायका करतात, त्यांना उत्पन्नाचा दहावा हिस्सा मिळतो आणि मालमत्तेचा फक्त एक टक्का' हे वाक्य तू नक्की कुठेतरी वाचलं असशील. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ते फिरतंय. भाषणांत, अहवालांत, पाठ्यपुस्तकांत, बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या नावाने. ज्यांनी त्याचं मूळ शोधलं, त्यांना जगभरातल्या मालमत्तेची अशी वाटणी कोणी मोजल्याचं एकही सर्वेक्षण मिळालं नाही. विषमता खरी, तिचे मोजलेले पुरावेही आहेत, पण हा एक टक्का कोणी मोजलेला नाही. अशा वाक्याला शंभर तळटिपा मिळतात आणि प्रत्येक तळटीप दुसऱ्या तळटिपेकडे बोट दाखवते. पाच वर्तमानपत्रांनी एकच पत्रक छापलं तर तुझ्याकडे पाच स्रोत नसतात, एकच असतो. मागे मागे जात राहा. शेवटी मोजणारा कोणीतरी भेटला पाहिजे : ज्याने घरोघरी विचारलं, वेतनपट तपासले, सीमेवरच्या मालाची नोंद केली. तसा कोणीच भेटला नाही, तर वाक्य कितीही आवडलेलं असो, काढून टाक.

चॅटबॉटच्या संदर्भांनाही हीच कसोटी लाव. शोधनिबंधांची नावं साधारण कशी असतात, हे त्याला छान ठाऊक असतं. म्हणून न लिहिलेल्या निबंधालाही तो शोभेलसं नाव, शोभेलसे लेखक आणि पानांचे आकडे देऊ शकतो. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोध, डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो उघडून बघ, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका चाळ. तीनही ठिकाणी नाही म्हटल्यावर तो संदर्भ नाहीच, असं समज आणि खोड. उरलेले तीन सापडले म्हणून हायसं वाटून घेऊ नकोस. खरा निबंधही त्यात नसलेल्या निष्कर्षासाठी पुढे केला जातो आणि ही सवय यंत्राच्या आधी माणसांना होती.

आता तुझे ते दोन परस्परविरोधी निबंध. तू नावं दिली नाहीस, पण या विषयातली सगळ्यात गाजलेली जोडी मला माहीत आहे आणि बहुधा तुला तीच सापडली असावी. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५च राहिलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी वाढीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहांना किती माणसं कामावर आहेत ते विचारलं. १९९४मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधात न्यू जर्सीतला रोजगार घटल्याचं दिसलं नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी त्याच प्रदेशातल्या उपाहारगृहांचे वेतनपट मिळवून हिशेब केला आणि २०००मध्ये लिहिलं की रोजगार घटला. त्याच अंकात कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी रोजगार नोंदी वापरून उत्तर दिलं की परिणाम झाला असलाच तर किरकोळ. २०२१मध्ये कार्ड यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमधला निम्मा वाटा मिळाला.

'नोबेल मिळालं म्हणजे कार्ड बरोबर' असं लिहिशील तर सर पुन्हा 'कुठल्या?' लिहितील आणि मी त्यांच्या बाजूने असेन. दोघांनी काय मोजलं, ते ताडून बघ. एकाने फोनवर विचारलेले आकडे घेतले, दुसऱ्याने कागदावरचे. फोनवर व्यवस्थापक अंदाजाने सांगू शकतो, त्यामुळे वेतनपट वरचढ वाटतात. पण ते वेतनपट कोणी गोळा केले? सुरुवातीचा काही भाग उपाहारगृह उद्योगाच्या बाजूच्या एका संस्थेने जमवला होता. तेवढ्यावरून तो अभ्यास मोडीत काढायचा का? न्यूमार्क आणि वॉशर यांनी पुढे स्वतः आणखी वेतनपट मागवून ही शंका तपासायचा प्रयत्न केला. पैसा कुठून आला हे विचारलंच पाहिजे, मात्र उत्तर मिळाल्यावर वाचन थांबवायचं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही निबंध एका राज्यातल्या, एका धंद्यातल्या, साधारण १९ टक्क्यांच्या वाढीबद्दल आहेत. वेतन दुप्पट केलं तर काय होईल, याबद्दल दोघांपैकी कोणीच काही मोजलेलं नाही.

मग विस्तार बघ. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या राज्यांनी १९७९ ते २०१६ या काळात केलेले १३८ बदल एकत्र तपासले होते. पुढच्या पाच वर्षांत कमी पगाराच्या नोकऱ्यांची एकूण संख्या जवळपास तशीच राहिल्याचं त्यात आढळलं. जर्मनीने २०१५मध्ये पहिल्यांदाच देशव्यापी किमान वेतन आणलं, त्यावरही अभ्यास आहेत, तेही शोध. असे बरेच अभ्यास एकत्र मांडणारा आढावा मिळाला तर तो आधी वाच. त्यात 'परिणाम दिसला नाही' असे निकाल कमी छापले जातात, या अडचणीचं काय केलं आहे, तेवढं जरूर बघ.

याच विषयातलं आणखी एक उदाहरण तुला प्रकल्पात थेट वापरता येईल. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जुलै २०१९मध्ये अंदाज बांधला की संघीय किमान वेतन २०२५पर्यंत १५ डॉलर केलं तर १३ लाख नोकऱ्या जातील. हा मधला अंदाज. त्याच अहवालात असंही होतं की ही संख्या शून्याच्या जवळपासपासून ३७ लाखांपर्यंत कुठेही असण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे, आणि १ कोटी ७० लाख कामगारांचं वेतन वाढेल. विरोधकांनी ३७ लाख उचलले, समर्थकांनी १ कोटी ७० लाख. कोणीच खोटं बोललं नाही. अंदाजाची व्याप्ती गाळून एकच टोक उद्धृत केलेलं दिसलं की मूळ अहवाल उघडायची वेळ झाली, असं समज.

आगाऊपणाबद्दल. २०१०मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डच्या केनेथ रोगॉफ यांनी लिहिलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होती. देशोदेशीच्या नेत्यांनी खर्चकपातीसाठी या निबंधाचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातला स्वाध्याय होता : एखाद्या प्रसिद्ध निबंधाचे निकाल पुन्हा काढून दाखवा. त्याला ते काही केल्या जमेनात. त्याच्या शिक्षकांनाही आधी वाटलं की चूक त्याचीच असणार. त्याने लेखकांना लिहिलं आणि त्यांनी आपली एक्सेल फाइल पाठवून दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळीच आल्या नव्हत्या. शिवाय न्यूझीलंडचं एकच वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या सरासरीइतक्याच वजनाने धरलं होतं. हर्नडनने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या शिक्षकांसोबत २०१३मध्ये सुधारित हिशेब मांडला, तेव्हा सरासरी अधिक २.२ टक्के निघाली.

ही गोष्ट सांगताना लोक सहसा इथेच थांबून टाळ्या वाजवतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली, पण वजनं देण्याच्या पद्धतीचं समर्थन केलं आणि सांगितलं की सुधारित आकड्यांतही जास्त कर्जाच्या देशांची वाढ कमीच दिसते. ते खरंही आहे. कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यामुळे कर्ज साचतं, हा वाद त्या फाइलने मिटवला नाही. ९० टक्क्यांच्या पुढे कडा कोसळतो, हे एक वाक्य तेवढं पडलं. आणि जाणकारांनाच माहीत असलेला एक तपशील : तो निबंध नामांकित नियतकालिकाच्या अधिवेशन विशेषांकात आला होता आणि त्या अंकातल्या निबंधांना नेहमीसारखी समीक्षकांची चाळणी नसते. मुखपृष्ठावरचं नाव तेच होतं. म्हणून निबंध घेताना तो वर्किंग पेपर (समीक्षेआधी फिरवलेला मसुदा) आहे, अधिवेशनातला आहे की समीक्षित, हे बघत जा. त्यावर नंतर कोणी टीका, उत्तर किंवा दुरुस्ती छापली का, हेही. हर्नडनने केलं ती शंका होती, पण हिशेब करून, लेखकांना विचारून घेतलेली. आगाऊपणा म्हणजे यातलं काहीच न करता 'सगळे विकले गेलेत' म्हणणं. पत्रात तो मोह तुला झालेला दिसतो, म्हणून स्पष्ट लिहितोय.

राहिला वेळ. महिन्याभरात सगळं तपासून होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नकोस. मसुदा घे आणि खोटी निघाली तर तुझा निष्कर्षच कोसळेल अशी वाक्यं अधोरेखित कर. ती चार-पाचच निघतील. तेवढी मुळापर्यंत ने : मूळ तक्ता, त्याखालच्या टिपा, व्याख्या. बाकीच्यांना स्रोत दे आणि सोड. पार्श्वभूमीतल्या लोकसंख्येच्या आकड्यासाठी रात्र जागवू नकोस. प्रत्येक आकड्याशेजारी कोणी मोजला, कोणत्या काळाचा, कोणत्या एककात, तक्त्याचा क्रमांक आणि तू तो कोणत्या तारखेला उतरवलास, हे लिहून ठेव. तारीख मुद्दाम सांगतोय. जीडीपीचे आकडे पुढे अनेकदा सुधारले जातात. वरचा ३२.९ही नंतर बदलला. सहा महिन्यांनी कोणी पडताळायला गेलं आणि वेगळा आकडा दिसला, तर तू चुकली नव्हतीस हे त्या तारखेवरून दाखवता येईल.

तुझं ते मूळ वाक्य मग काहीसं असं होईल : 'न्यू जर्सीत १९९२ साली किमान वेतन सुमारे १९ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा फास्ट फूड उपाहारगृहांतला रोजगार घटला नाही असं कार्ड आणि क्रूगर यांना दूरध्वनी सर्वेक्षणात आढळलं; न्यूमार्क आणि वॉशर यांना वेतनपटांवरून घट दिसली.' हे आधीच्या वाक्याइतकं दणक्यात वाजत नाही. पण यावर तोंडी परीक्षेत कोणी काही विचारलं, तर बोलायला तुझ्याकडे पुष्कळ आहे.

वर्गातल्या इतरांच्या गुणांचं म्हणशील, तर ते मिळाले असतील. परीक्षक प्रत्येक संदर्भ उघडत नाहीत, हे खरंच आहे. त्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि त्यांची तक्रार करायला जा, असंही मी सांगणार नाही. पुढच्या भेटीत सरांकडे पूर्ण मसुदा नेऊ नकोस. ती अधोरेखित वाक्यं आणि प्रत्येकाखाली त्याचं मूळ, एवढं एकच पान ने. यातलं सगळ्यात कच्चं वाक्य कोणतं वाटतं, ते त्यांनाच विचार.